सेल्फ लागतो, मग ठिणगी जाते कुठे?

ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाची रात्रीची सभा आटोपून हजीरा भागातून बाहेर पडलो तेव्हा एक वाजून गेला होता. धुकं इतकं, की गाडीच्या टपावर बोटाने नाव लिहावं. आमची १९९७ची कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायचं जुनं यंत्र असलेली) गाडी पाच तास उघड्यावर भिजत उभी होती. काकांनी किल्ली फिरवली. कुर्र, कुर्र, कुर्र. इंजिन फिरतंय, पण पेट घेईना.

“बॅटरी बसली,” काका म्हणाले. काकांच्या लेखी गाडीला आजार दोनच, बॅटरी बसणं आणि पेट्रोल संपणं.

बॅटरी पार बसली असती तर ‘टक्’ एवढाच आवाज आला असता. सेल्फ लागतोय याचाच अर्थ बॅटरीत जीव आहे. हा ‘सेल्फ’ म्हणजे सेल्फ-स्टार्टर. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने तो बनवला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांना तो लागला. त्याआधी पुढे उभं राहून हँडल मारायचं, आणि ते उलट फिरलं तर मनगट मोडायचं. सेल्फचं काम मात्र तेवढंच आहे, इंजिनाला मिनिटाला दीडदोनशे फेरे देणं. पुढचं इंजिनाने स्वतः करायचं. त्यासाठी हवा, पेट्रोल, दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी लागते.

दाब कानाने कळतो. कुर्र-कुर्र अशी लय येत असेल तर पिस्टन हवा दाबतायत. तीच लय जाऊन शिवणयंत्रासारखा सरळ, भरभर आवाज आला तर टायमिंग बेल्ट (पिस्टनच्या तालावर व्हॉल्व्ह उघडबंद करणारा पट्टा) तुटल्याचा संशय घ्यावा आणि सेल्फ मारणं तिथेच थांबवावं, कारण काही इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो.

पेट्रोल नाकाने कळतं. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि पेटते ती वाफच. म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, मिश्रण दाट करायचं. पण काकांनी चोकही ओढला आणि वर ॲक्सिलरेटर दहा वेळा दाबला. कार्बोरेटरच्या गाडीत दर दाबाला पेट्रोलची एक पिचकारी आत जाते. भपकन वास आला, म्हणजे गाडी ओव्हर झाली, आत पेट्रोल जास्त झालं. यावर उपाय आहे. चोक आत ढकलायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरायचा आणि आठदहा सेकंद सेल्फ मारायचा. जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. तेही केलं, पण गाडी ढिम्म.

राहिली ठिणगी, आणि मला विचाराल तर सगळ्या भानगडीत गंमत तिचीच आहे.

बॅटरी १२ व्होल्टची, ठिणगी पाडणाऱ्या प्लगला लागतात हजारो. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला साधारण ३,००० व्होल्ट पुरतात, पण सिलिंडरमध्ये हवा आठनऊ पट दाबलेली असते, तिथे दहा हजारांच्या पुढे जावं लागतं. व्होल्टेज वाढवायला कॉइल असते, म्हणजे तारेच्या दोन वेटोळ्यांची जोडी; तिच्यात पहिल्या वेटोळ्याच्या शंभरेक पट वेढे दुसऱ्यात असतात. म्हणून १२ गुणिले १०० केले तरी १,२०० व्होल्टच होतात, त्यात काही भागत नाही. खरी करामत करंट तोडण्यात आहे. पहिल्या वेटोळ्यातून तीनचार अँपिअर वाहत असताना करंट जोडणारे-तोडणारे काँटॅक्ट पॉइंट झटकन उघडतात (नंतरच्या गाड्यांत हे काम ट्रान्झिस्टर करतो). चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं आणि त्या धक्क्याने पहिल्याच वेटोळ्यात दोनतीनशे व्होल्ट उसळतात. त्यांचे शंभरपट म्हणजे वीसतीस हजार. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं प्रवर्तन ते हेच.

आता काकांची बॅटरी. तिच्यावर सेल्फही चालतो आणि कॉइलही. सेल्फ शेदीडशे अँपिअर ओढतो आणि थकलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट ९ वर येतात. कॉइलमधली ऊर्जा करंटच्या वर्गावर ठरते. व्होल्टेज पाऊणपेक्षा थोडं खाली आलं की ऊर्जा थेट निम्मी. म्हणजे ठिणगीची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच सेल्फ तिच्या तोंडचा घास पळवतो. ढकलस्टार्ट कधीकधी चटकन लागू पडतो तो यामुळेच, कारण त्या वेळी बॅटरी एकट्या कॉइलची असते. (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेली गाडी मात्र उगाच ढकलत बसू नये, न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो बिघडतो.)

तेव्हा काका अगदीच चुकलेले नव्हते.

एव्हाना चारपाच जण बॉनेटमध्ये मोबाईलचे टॉर्च मारून उभे होते. शेजारच्या ऑटोवाल्याने प्लग काढून बॉडीला टेकवला, सेल्फ मारायला लावला. प्लगच्या टोकाशी बारीक ठिणगी दिसली. “करंट तो आ रहा है,” कुणीतरी म्हणालं. हीच फसगत. बाहेर मोकळ्या हवेत पडणारी ठिणगी आत दाबाखाली पडेलच असं नाही. शिवाय पेट्रोलचा वास दरवळत असताना हा प्रयोग करूच नये, त्याने केला आणि आम्ही बघत राहिलो, हा आमचा गाढवपणा.

प्लग परत बसवून तो म्हणाला, “सब बत्ती बंद करो.”

काळोख झाला. काकांनी किल्ली फिरवली आणि डिस्ट्रिब्युटरच्या (कॉइलची वीज एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाच्या) टोपणावर निळसर धागे सळसळले, प्लगच्या वायरींवरून खाली उतरून इंजिनाच्या लोखंडात विरले. पाहिलं आणि कळलं. निव्वळ पाणी वीज फारशी वाहून नेत नाही, पण धूळ आणि तेलकट मळीवर दव बसलं की रस्ता तयार होतो. दाबलेल्या हवेतून उडी मारण्यापेक्षा विजेला हा ओला रस्ता सोपा.

काकांचा लोकरी मफलर कामी आला. टोपण आतून-बाहेरून पुसलं, वायरी पुसल्या, सेल्फला दोन मिनिटं विश्रांती दिली. तिसऱ्या खेपेला गाडी खोकत, धूर ओकत सुरू झाली.

फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर आधी किल्ली ‘ऑन’ करून कान द्यावा. मागून दोन सेकंद ‘झूं’ असा पंपाचा आवाज आला नाही, तर फ्यूज आणि रिले बघावेत. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत राहिलं तर गाडी बहुधा किल्लीच ओळखत नाहीये.

सकाळी ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या घरी उजेडात टोपण पाहिलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ होती. ठिणग्यांनी जळून झालेला कार्बन. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे टोपण कोरडं असलं तरी ही वाट आता कायमची. टोपण आणि वायरी नव्या घेतल्या. मफलर तीनदा धुतला, अजून पेट्रोलचा वास येतो, आणि काका अजून म्हणतात, बॅटरीच होती.