भट्टीच्या भिंतीवरचे अस्तर : मराठवाड्यातील उच्चतापसह लाद्यांची पार्श्वभूमी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळई तयार करणाऱ्या रोलिंग मिल, वाळूज आणि चिकलठाणा परिसरात गाड्यांच्या सुट्या भागांना उष्णतोपचार देणारे, म्हणजे तापवून-थंड करून त्यांचा कणखरपणा वाढवणारे कारखाने आणि मराठवाड्यातील साखर कारखान्यांची बॉयलरघरे या तिन्ही ठिकाणचे काम शेवटी एका भिंतीवर अवलंबून असते. या भिंतीच्या आतल्या बाजूला तापमान उष्णतोपचाराच्या भट्टीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर पोलाद तापवण्याच्या भट्टीत १२०० अंशांपर्यंत असते, आणि बाहेरच्या बाजूला साध्या लोखंडाचा पत्रा असतो, ज्याची ताकद ५०० अंशांच्या पुढे झपाट्याने कमी होते. या दोहोंमध्ये जे अस्तर असते, त्याच्या विटा आणि लाद्या कशाच्या आहेत याची चर्चा नेहमी होते. परंतु ते कसे बसवले, कशाने धरले आणि फुगायला किती जागा ठेवली, यावरच भट्टीचे आयुष्य अधिक ठरत आले आहे, असे या अस्तराचा इतिहास पाहता म्हणावे लागते.

मराठवाड्याच्या बाबतीत पहिली अडचण जमिनीचीच आहे. हा जवळपास सगळा प्रदेश दख्खनच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. वेरूळची लेणी ज्यात कोरली गेली तो हा दगड इमारतीला उत्तम, पण भट्टीला निरुपयोगी. कारण तो मुळात लाव्हा असल्याने साधारण ११०० ते १२५० अंशांच्या दरम्यान पुन्हा वितळू लागतो. या दगडाची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीत लोह, चुना आणि अल्कली भरपूर असतात, आणि हे तिन्ही घटक मातीचा वितळणबिंदू खाली खेचतात. गावच्या वीटभट्टीतील वीट म्हणूनच जास्त जाळ लागला की वाकते आणि एकमेकींना चिकटून तिचे ढेकूळ होते. उच्चतापसह म्हणवून घेण्यासाठी पदार्थाने १५०० अंशांपर्यंत मऊ न पडता टिकले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी फायर क्ले, म्हणजे अल्युमिना (अल्युमिनियमचे ऑक्साइड) अधिक आणि अल्कली कमी असलेली माती, प्रामुख्याने कोळशाच्या थरांच्या सोबतीने सापडते. झरिया आणि राणीगंजच्या पट्ट्यात ती आहे, मध्य प्रदेशात कटनी-जबलपूरकडे आहे, गुजरातेत आहे. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात ती मिळत नाही. त्यामुळे येथील प्रत्येक मोठ्या भट्टीचे अस्तर बाहेरून आलेले आहे.

याचा अर्थ या भागाच्या आसपास उच्चतापाचे ज्ञानच नव्हते, असा मात्र नाही. नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणात, निर्मलच्या दक्षिणेला कोनासमुद्रम हे गाव आहे. तेथे मुशीत, म्हणजे भट्टीत ठेवायच्या मातीच्या भांड्यात, पोलाद तयार होत असे आणि ते विकत घेण्यासाठी थेट इराणातून व्यापारी येत असत. निजामाच्या मुलखात भूगर्भ पाहणीसाठी फिरलेल्या हेन्री व्हॉयसी यांनी १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला हा धंदा पाहिला आणि त्यांचे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मुशीच्या मातीची कृती आहे : ग्रॅनाइटपासून बनलेली माती, जुन्या भट्ट्यांचे आणि फुटक्या मुशींचे तुकडे कुटून केलेला भुगा, आणि भाताचे तूस. या कृतीत आधुनिक उच्चतापसह शास्त्रातील दोन तत्त्वे आधीच हजर आहेत. एकदा भाजलेली माती दुसऱ्यांदा आकसत नाही, म्हणून तिचा भुगा मिसळला की नवी मूस वाळताना आणि तापताना तडकत नाही. आजच्या विटेत हाच भुगा ‘ग्रॉग’ या नावाने असतो. तूस जळाल्यावर मागे सिलिका (वाळूतील मुख्य घटक) आणि कार्बन राहतो, आणि त्याने मुशीची भिंत धग सोसायला अधिक समर्थ होते. ग्रॅनाइटचा प्रदेश काळ्या पाषाणाच्या सीमेपलीकडे सुरू होतो हे लक्षात घेतले, तर हा धंदा गोदावरीच्या खोऱ्यात तेथेच का वाढला, याचे निदान एक कारण सापडते.

कारखान्याच्या मापातील फायर ब्रिक मराठवाड्यात आली ती वाफेच्या मागोमाग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादला कापडगिरणी उभी राहिली, कापसाच्या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या मार्गाने सिकंदराबादपर्यंत गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली. त्या काळी गिरण्यांत सर्वत्र रूढ असलेला लँकेशायर बॉयलर हा विटांच्या बांधकामातच बसवलेला असे. आतल्या नळ्यांतून निघालेला जळता वायू बॉयलरच्या पोटाखालून आणि दोन्ही बाजूंनी विटांच्याच बोगद्यांतून फिरून धुरांड्याकडे जाई, आणि बॉयलरचे सगळे वजन फायर क्लेच्या खास आकाराच्या ठोकळ्यांवर पेललेले असे. देशात तोवर बर्न अँड कंपनीच्या राणीगंज आणि जबलपूर येथील कारखान्यांत अशा विटा बनू लागल्या होत्या. मात्र मनमाडपर्यंत ब्रॉडगेज आणि पुढे मीटरगेज अशी व्यवस्था असल्याने माल तेथे उतरवून पुन्हा भरावा लागे. साध्या विटेचा कोपरा उडाला तर गिलावा तो झाकतो. फायर ब्रिकचा कोपरा उडाला तर त्या खाचेतून ज्वाळा आत शिरते. हे गेजबदलाचे दुखणे औरंगाबादच्या बाबतीत १९९० च्या दशकापर्यंत टिकले.

एकोणिसाव्या शतकात युरोपात अस्तराच्या द्रव्यात जे बदल झाले, ते थोडक्यात सांगितले तरी चालतील. १८२० च्या दशकात वेल्समध्ये विल्यम वेस्टन यंग यांनी जवळपास शुद्ध सिलिकेची ‘डायनास’ वीट तयार केली. १८७० च्या दशकाच्या अखेरीस सिडनी गिलख्रिस्ट टॉमस यांनी वितळलेल्या लोखंडात हवा फुंकून पोलाद करणाऱ्या बेसेमर पात्राला डोलोमाइटचे अस्तर देऊन पोलादातील फॉस्फरस काढून दाखवला. अस्तर हे धातूशी रासायनिक व्यवहार करते आणि तो व्यवहार उपयोगाचाही असू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. हेरमान सेगर यांनी १८८६ मध्ये विशिष्ट तापमानाला वाकणारे शंकू तयार केले आणि मातीची सोसण्याची ताकद मोजण्याला एक ठरलेली पद्धत मिळाली.

मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर धातूच्या भट्ट्या पेटल्या त्या मात्र फार उशिरा. १९४८ मध्ये हा भाग हैदराबाद संस्थानातून मुक्त झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच चिकलठाणा, जालना, पुढे वाळूज अशा वसाहती आकाराला आल्या. जालन्यात रोलिंग मिलचा धंदा रुजला आणि १९९१ च्या परवानामुक्तीनंतर व १९९२ मध्ये पोलादाच्या किमतींवरील नियंत्रण उठल्यानंतर तो झपाट्याने वाढला. या मिलचे हृदय म्हणजे बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब ठोकळे, लाल करणारी लांबट भट्टी. तिची भिंत साधारण तीन पदरी असते : आतून दाट फायर ब्रिक किंवा हाय अल्युमिना वीट, तिच्यामागे छिद्रमय हलकी इन्शुलेशन वीट, आणि सर्वांत बाहेर पत्रा. आतला पदर धग, धूर आणि घर्षण सोसतो; मधला पदर उष्णता अडवतो, पण ज्वाळेचा थेट मारा झाला की भुसभुशीत होतो. म्हणजे आतल्या पदराचे काम मूलतः मागच्याचे रक्षण करण्याचे आहे.

हा पदर लावणारा गवंडी घर बांधणाऱ्या गवंड्यापेक्षा निराळ्या पद्धतीने काम करतो. घराच्या भिंतीत सिमेंटचा जाड थर हा विटेचा खडबडीतपणा झाकून घेतो. येथे मॉर्टर पातळ, ताकासारखे कालवलेले असते. २३० गुणिले ११५ गुणिले ७५ मिलिमीटरची वीट त्यात बुडवून काढायची, शेजारच्या विटेला घासून बसवायची आणि लाकडी हातोड्याने ठोकून दरज दीड-दोन मिलिमीटरवर आणायची. दरज जितकी जाड तितकी ती लवकर आकसते, गळते आणि विटेच्या कडा उघड्या पडतात. त्याच वेळी काही जागी मुद्दाम मोकळी फट सोडावी लागते, कारण फायर क्लेची वीट हजार अंशांना मीटरमागे पाच-सहा मिलिमीटर वाढते. दहा मीटर लांबीच्या भिंतीत ही वाढ पाच-सहा सेंटिमीटर होते आणि तिला जागा दिली नाही तर भिंत पोट काढते. म्हणून ठरावीक अंतरावर विटांमध्ये पुठ्ठ्याची किंवा प्लायवूडची पट्टी उभी घालतात. पहिल्याच जाळात ती जळून जाते आणि हवी तेवढी फट मागे राहते. अनुभवी मिस्त्री ओळंब्याइतकेच लक्ष या पट्ट्यांवर ठेवतो.

भिंत उंच झाली की दुसरा प्रश्न उभा राहतो. एकावर एक रचलेल्या विटांच्या भिंतीत खालच्या विटेवर वरच्या सगळ्यांचे वजन असते, आणि आतली बाजू तापून वाढल्याने भिंत आतल्या बाजूला झुकू पाहते. खालची चार विटांची ओळ खराब झाली, तर चांगल्या स्थितीतील वरची भिंतही उतरवावी लागे. यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बॉयलरच्या आणि पोलादाच्या भट्ट्यांसाठी जो उपाय रूढ झाला, तो म्हणजे लादी रचण्याऐवजी टांगणे. लादीच्या पाठीमागे खाच ठेवायची, त्या खाचेत ओतीव लोखंडाचा किंवा उष्णतारोधक पोलादाचा अँकर अडकवायचा आणि अँकर बाहेरच्या सांगाड्याला जोडायचा. अशा रचनेत प्रत्येक टप्प्याचे वजन सांगाडा पेलतो, एका भागातील लाद्या बाजूच्यांना धक्का न लावता बदलता येतात, आणि सपाट छतही शक्य होते. पूर्वी छतासाठी कमानच घालावी लागे. पुढे कॅल्शियम अल्युमिनेट सिमेंटवर आधारलेले कास्टेबल, म्हणजे काँक्रीटसारखे ओतायचे उच्चतापसह मिश्रण, आले, तेव्हाही हीच युक्ती कायम राहिली. २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेल असलेल्या ३१० जातीच्या स्टेनलेस पोलादाचे इंग्रजी व्ही आकाराचे अँकर पत्र्याला वेल्ड करून त्यांभोवती कास्टेबल ओततात. अँकरच्या टोकांना प्लॅस्टिकची टोपी किंवा डांबराचा लेप देतात, कारण पोलाद अस्तरापेक्षा अधिक फुगते आणि त्याला जागा मिळाली नाही तर ते आतून अस्तर फोडते. पैसे वाचवण्यासाठी ३१० ऐवजी ३०४ जातीचे अँकर वापरले जातात, तेव्हा उत्तम प्रतीचे अस्तरही पत्र्यापासून सुटून पडते. दोष मात्र बहुधा विटेच्या माथी मारला जातो.

रोलिंग मिलच्या भट्टीत सर्वांत आधी झिजतो तो तळ. तापलेल्या बिलेटवरून गळणारी लोहाची पापडी, जिला सगळे स्केल म्हणतात, ती फायर क्लेमधील सिलिकेशी संयोग पावून साधारण १२०० अंशांनाच वितळणारे लोह सिलिकेट तयार करते. म्हणून तळाला आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्याला हाय अल्युमिना किंवा मॅग्नेसाइटची (मॅग्नेशियमयुक्त खनिजाची) वीट, आणि वर साधी फायर ब्रिक, अशी वाटणी केली जाते.

छत्रपती संभाजीनगरकडे, वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर वाढलेल्या सुट्या भागांच्या उद्योगात, अस्तराचे चित्र वेगळे झाले. उष्णतोपचाराच्या भट्ट्या अनेकदा पेटवायच्या आणि थंड करायच्या असतात, आणि जाड विटेची भिंत प्रत्येक वेळी मालाआधी स्वतःच तापून बसते. १९४० च्या दशकात अमेरिकेत बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीत केओलिन ही पांढरी माती वितळवून त्याची लोकर काढण्याचे तंत्र साधले गेले. १९७३ च्या तेलसंकटानंतर या सिरॅमिक फायबरला जगभर मागणी आली, आणि १९८० च्या दशकात तमिळनाडूत राणीपेटला भारतीय उत्पादनही सुरू झाले. दाट विटेचे वजन घनमीटरमागे दोन हजार किलोच्या घरात, तर फायबर ब्लँकेटचे बहुधा १२८ किलो. घड्या घालून दाबलेले त्याचे चौकोनी मोड्यूल भिंतीला लादीसारखेच, पण आलटून-पालटून आडवे-उभे लावतात; फायबर तापून आकसते, आणि आधीचा दाब सुटून घड्या पसरल्या की ती फट भरून निघते. विटेच्या भिंतीत वाढीची काळजी, येथे आकसण्याची. लोकर चिमटीत घेऊन फाडताना उडणारा तंतू फुप्फुसांना घातक ठरू शकतो, याची जाणीव मात्र कामाच्या जागी फारशी दिसत नाही.

जालन्यातही भिंत बदलली. भंगार वितळवण्यासाठी विजेवर चालणाऱ्या इंडक्शन फर्नेस आल्या आणि त्यांच्यात वीट नसतेच : तांब्याच्या कॉइलच्या आत पत्र्याचा फॉर्मा उभा करून मधल्या जागेत क्वार्ट्‌झाइटची रॅमिंग मास (कोरडी भुकटी) बोरिक आम्लासह ठोकून भरतात आणि पहिल्या हिटला, म्हणजे पहिल्या वितळणीला, ती भाजून घट्ट होते. हे अस्तर पातळ ठेवावे लागते आणि त्याच्या पाठीमागे कॉइलमधून पाणी वाहत असते. धातू तेथवर पोचला तर स्फोट होतो. त्यामुळे अस्तर वारंवार काढून नव्याने भरणे हे येथील नित्याचे काम आहे, आणि त्या कोरड्या ठोकणीत उडणारी सिलिकेची धूळ ही सिलिकोसिस या फुप्फुसांच्या रोगाची धूळ आहे. पुढे ओतलेला बिलेट गरम असतानाच थेट मिलमध्ये नेण्याची पद्धत आली आणि ती जेथे राबवली गेली, तेथे बिलेट पुन्हा तापवणाऱ्या भट्टीची, पर्यायाने तिच्या लाद्यांची, गरजच उरली नाही.

लादीचे काम आज सर्वाधिक टिकून आहे ते साखर कारखान्यांत. पूर्वीच्या बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळणाऱ्या भट्ट्या जाड विटांच्या होत्या. नंतर भिंतीवर पाण्याच्या नळ्या आल्या आणि त्यांच्यामागे टाइल लावली जाऊ लागली, तर जोडनळ्यांच्या सलग भिंतीत टाइलही कमी झाली. गाळप थांबले की उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दुरुस्ती होते, आणि नेमके त्याच दिवसांत विटा व कास्टेबल हवेतील ओल शोषून घेतात. हंगाम सुरू करण्याच्या घाईत बॉयलर भराभर तापवला, तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन लादीचा चेहराच उडून जातो. म्हणून पहिला जाळ लाकडावर, एक-दोन दिवस हळूहळू वाढवत देण्याची रीत आहे. डिस्टिलरीतील स्पेंटवॉश, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारे सांडपाणी, जाळणारे बॉयलर आल्यापासून मात्र या भिंतींसमोर नवा प्रश्न आला आहे. मळीतून आलेले पोटॅश वाफ होऊन लादीत शिरते, अल्युमिना आणि सिलिकेशी संयोग पावून अधिक जागा व्यापणारी खनिजे बनवते आणि लादीचा पुढचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. येथे अल्युमिनाचे प्रमाण वाढवून भागत नाही. त्यामुळे अशा बॉयलरमध्ये पोटॅशचा मारा तुलनेने अधिक सोसणाऱ्या सिलिकॉन कार्बाइडच्या लाद्यांकडे वळावे लागते. त्या उष्णता अडवत नाहीत, उलट पलीकडे सोडतात, म्हणून त्या पाण्याच्या नळ्यांना अगदी चिकटवून बसवाव्या लागतात आणि मागे पोकळी राहिली तर तेवढी लादी तापून फुटते.