'१ = २' च्या सिद्धतेत चूक नेमकी कुठे आहे?

'अ = ब मानलं की चार पायऱ्यांत २ = १ सिद्ध होतं, म्हणजे बीजगणिताचा पायाच कच्चा आहे,' असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. पायऱ्या इतक्या सफाईदार असतात की वाचणारा फसला तर नवल नाही.

अ = ब. दोन्ही बाजूंना अ ने गुणलं: अ² = अब. दोन्हींतून ब² वजा केला: अ² − ब² = अब − ब². अवयव पाडले: (अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब). इथवर सगळं बरोबर. मग (अ − ब) ने भागून अ + ब = ब, म्हणजेच २ब = ब, आणि शेवटी २ = १.

प्रत्येक पायरीत अ आणि ब दोन्ही ३ ठेवून पाहा. ९ = ९, ० = ०, ६ × ० = ३ × ०, आणि पुढच्याच ओळीत ६ = ३! अ = ब असल्यामुळे (अ − ब) शून्य आहे, आणि शून्याने भागता येत नाही. कोणत्याही संख्येला शून्याने गुणलं की शून्यच येतं, म्हणून दोन्ही बाजूंचा शून्य 'काटून' उरलेल्या संख्या समान ठरत नाहीत.

क² = ५क सोडवताना थेट क ने भागलं, तर क = ० हे उत्तर असंच निसटतं. तिथे क(क − ५) = ० असं लिहावं.