पाढे-पाठांतर

मराठी शाळेत गुणाकाराचे तक्ते चालीवर म्हणून पाठ करायची पद्धत. बे एके बे सगळ्यांना माहितीये, ते इथं परत सांगत नाही. पंतोजींच्या शाळेत याच्या जोडीला अपूर्णांकांचे पाढे पण असायचे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा.

औट शब्द कुठून आला यावर दोन मतं आहेत. संस्कृतात अध्युष्ट असा शब्द मिळतो म्हणून काहीजण तिथून काढतात, पण तो प्राकृत अद्धुट्ठ वरून मागाहून संस्कृत करून घेतलेला दिसतो. दुसरं मत अर्धचतुर्थ, म्हणजे तीन पूर्ण आणि चौथा अर्धा, आणि हेच जास्त पटतं कारण अडीच पण असाच अर्धतृतीय वरून आलाय, तिसरा अर्धा. शब्द किमान 1290 च्या सुमाराइतका तरी जुना आहे, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी औट वळणांची म्हटलीये.

याचा उपयोग रोजच्या हिशोबात होता. साडेतीन आणे शेर भाव असला आणि 12 शेर घेतले की औटकीनं लगेच 42 आणे, म्हणजे 2 रुपये 10 आणे. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आले, आणि हे पाढे हळूहळू शाळेतनं गेले.

घोकंपट्टीचा आरोप पाढ्यांवर नेहमीच होतो. 1993 ची यशपाल समिती, 2005 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, 2020 चं शैक्षणिक धोरण, सगळ्यांचा रोख घोकण्यापेक्षा समजण्यावर आहे. तरी पाढा तोंडपाठ असला की मोठा गुणाकार करताना डोकं मोकळं राहतं, भागाकारात तर जास्तच, त्यामुळं पाठांतर टाकून द्यायचं हे काही खरं नाही. पण पोरं अकरा दाहे दाहोदरसे म्हणतात (उच्चार गावागणिक फिरतो) आणि त्यात शंभरावर दहा, दशोत्तर शत, लपलंय हे त्यांना कोणी सांगतच नाही! एवढं फोडून सांगितलं की पंधरा साते पाचोदरसे आपोआप कळतं. तसंच एकोणीस सक अडलं तर वीस सक एकशेवीस, त्यातनं एक सहा काढा, 114. असं ज्याला जमतं त्याचा पाढा विसरला तरी अडत नाही.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बावीसच्या जोडीला वीस दोन असं वाचन दिलं तेव्हा मोठा वाद झाला होता. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरं मुलांना जड जातात आणि बोलताना एकक आधी पण लिहिताना दशक आधी, यात मुलं गोंधळतात. चर्चा बरीचशी भाषा बिघडण्यावरच अडकली, वर्गात बसलेल्या सात वर्षांच्या पोराच्या अडचणीबद्दल त्यामानानं कमी बोललं गेलं.