तेल्या-तांबोळ्यांपासून सातवी पासपर्यंत

उमेदवार शिकलेला हवा की आपल्यातला हवा, हा वाद दर निवडणुकीत ताजा असल्यासारखा रंगतो. महाराष्ट्रात तो शंभर वर्षांहून जुना आहे, आणि सुरुवातीला शिक्षणापेक्षा जातीचाच जास्त होता.

१९१७ मध्ये ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. नव्या कायदेमंडळात कोण बसणार यावरून लगेच रस्सीखेच सुरू झाली. ब्राह्मणेतरांनी स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी लावून धरली. त्या काळात टिळकांनी केलेल्या भाषणातलं एक वाक्य आजही वादात फेकून मारलं जातं : तेल्या-तांबोळ्यांनी आणि कुणबटांनी कौन्सिलात जाऊन काय नांगर हाकायचा आहे? नेमके शब्द हेच होते का, यावर अजून हमरीतुमरी होते. कुणी ते भाषण अथणीचं सांगतं. आंबेडकरांनी सोलापूरचं म्हणून नोंदवलं आहे. त्यांच्या नोंदीत आशय स्पष्ट आहे : या लोकांनी कायदे पाळावेत, करायला जाऊ नये. गंमत अशी की ‘तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी’ म्हणून ज्यांना हिणवलं जायचं, ते टिळकच.

याला सगळ्यात नेमकं उत्तर मिळालं जानेवारी १९१९ मध्ये, साउथबरो समितीपुढे. मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवायला ही समिती आली होती. साक्ष द्यायला उभे होते सत्तावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. पात्रतेच्या कुठल्याही कसोटीवर त्या दालनात ते इतरांना भारी पडले असते. तरी त्यांचा युक्तिवाद पात्रतेचा नव्हता. नुसत्या विचारांचं प्रतिनिधित्व झालं म्हणजे लोकांचं राज्य आलं असं होत नाही. त्या त्या समाजातली माणसं स्वतः सभागृहात बसली पाहिजेत, असं त्यांनी मांडलं. आपल्या दुःखाबद्दल दुसरा कितीही विद्वान माणूस कळकळीने बोलला, तरी ते बोलणं परस्परच राहतं. ‘आपला माणूस’ या कल्पनेची इतकी पक्की बाजू नंतर कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही.

१९१९च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखल्या. मतदार होण्यासाठी मात्र शेतसारा, कर किंवा मालमत्ता लागे. १९३५च्या कायद्यात शिक्षण हाही मतदार होण्याचा एक पर्यायी निकष झाला. मतदार वाढले, पण बहुसंख्य प्रौढ बाहेरच राहिले. राज्यघटनेने ही सगळी कुंपणं एका फटक्यात काढली. लोकसभेच्या उमेदवाराला पंचवीस वर्षं पूर्ण हवीत. शाळेचा उल्लेख नाही. राजेंद्रप्रसादांना हे खटकलं होतं. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटना स्वीकारण्याच्या दिवशीच, त्यांनी ते बोलून दाखवलं : कायदा राबवणाऱ्यांकडून आपण मोठी पात्रता मागतो आणि करणाऱ्यांकडून निवडून येण्यापलीकडे काहीच नाही, ही विसंगती आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. ‘लोकांना विद्वान नको असतो’ याचा पुरावा म्हणून हा पराभव नेहमी पुढे केला जातो. मला तो पटत नाही. त्याच निवडणुकीत कुलाब्यातून चिंतामणराव देशमुख निवडून आले : आयसीएस परीक्षेत पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. फरक विद्वत्तेत नव्हता, तिकिटात होता. देशमुखांमागे काँग्रेस होती.

उलट बाजूला वसंतदादा पाटील. सांगलीजवळच्या पद्माळ्याचे, शाळा जेमतेम सातवीपर्यंत. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून पळालेले, पुढे साखर कारखाना उभा करणारे, मुख्यमंत्री झालेले. खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारं १९८३ मध्ये त्यांच्याच सरकारने उघडली. त्यातून शिक्षणाचा बाजार मांडला गेला अशी टीका आहे आणि ती खोटी नाही. पण गावोगावची पहिल्या पिढीतली इंजिनिअर मंडळीही तिथूनच निघाली.

मग शिक्षणाची अट आली कुठे? गावात. राजस्थानने डिसेंबर २०१४ मध्ये वटहुकूम काढून सरपंचाला आठवी पासची अट घातली. २०१९ मध्ये ती काढली. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीच्या सर्वसाधारण उमेदवाराला दहावी, महिलांना आठवी अशी अट लावली. जोडीला घरात शौचालय हवं आणि वीजबिल थकलेलं नको. राजबाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये हे सगळं वैध ठरवलं. बरं-वाईट ओळखण्याची शक्ती शिक्षणच देतं, असं त्या निकालात म्हटलं आहे. हे वाक्य वाचताना अंगठेबहाद्दर आजी-आजोबांनी चालवलेली घरं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरवलं, तेव्हा १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट लागली. हा हिशेब तसा सौम्य, कारण जुन्या पिढीला झळ बसत नाही. तरी ग्रामपंचायतीच्या अर्जांची छाननी एकदा बघावी. जातीचा दाखला, शौचालय वापराचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य नसल्याचं घोषणापत्र आणि आता सातवीचा कागद. एक कागद कमी पडला की समोरचा गट हरकत घेतो आणि अर्ज बाद. आमदारकीला यातलं अपत्यांचं बंधन नाही, शौचालयाचं नाही, सातवीचंही नाही. २००३ पासून शिक्षण किती ते प्रतिज्ञापत्रात लिहावं लागतं, एवढंच. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मतदार पदवीधर लागतो, उमेदवार नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तसं स्पष्ट केलं.

म्हणजे राजेंद्रप्रसादांची खंत होती कायदे करणाऱ्यांबद्दल, आणि त्या कायदे करणाऱ्यांनी अट लावली ती गावच्या सरपंचाला. थेट सरपंचाची पद्धत २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने रद्द केली, २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने परत आणली. सातवीची अट दोघांनीही ठेवली.