गुन्ह्यांची यादी म्हणजे स्वभाव नव्हे: सायकोपॅथी आणि समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार

एखाद्या निर्घृण खुनाची बातमी आली की 'सायकोपॅथ' आणि 'समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. मानसशास्त्र शिकणाऱ्यांच्या वह्यांतही हाच घोळ दिसतो, आणि तो मला सर्वात जास्त खटकतो.

दोन किरकोळ चुका आधी बाजूला ठेवू. चारचौघांत न मिसळणारा माणूस 'अँटिसोशल' (म्हणजे समाजविघातक) नसतो, तो अबोल असतो. ज्याला आवाज ऐकू येतात, भास होतात, तो आजारी माणूस असतो. त्याला 'सायको' म्हणणं क्रूरपणाचं आहे.

सायकोपॅथ बहुतेकांना माहीत असतो: वरून गोड, आतून कोरडा, माणसं वापरून घेणारा. हे चित्र अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हार्वी क्लेकली यांनी १९४१ मध्ये रेखाटलं. पुढे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी त्यासाठी मोजपट्टी तयार केली. तिच्यात २० मुद्दे आहेत, प्रत्येकाला ० ते २ गुण, आणि ४० पैकी ३० किंवा जास्त गुण मिळाले तर सायकोपॅथी.

घोळ होतो तो दुसऱ्या नावापाशी, म्हणजे समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकारापाशी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली डीएसएम या निदानसूचीची तिसरी आवृत्ती काढली, तेव्हा मुद्दामच स्वभावाकडून वागण्याकडे मोर्चा वळवला. 'याला पश्चात्ताप होतो का' यावर दोन डॉक्टरांचं एकमत होणं कठीण. 'हा वारंवार कायदा मोडतो का' यावर होतं. म्हणून आजही निकष मुख्यतः वागण्याचे आहेत: कायदा मोडणं, फसवणूक, उतावळेपणा, मारामाऱ्या, जिवाशी खेळणारा बेदरकारपणा, नोकरी आणि पैशांबाबत बेजबाबदारी. सातवा निकष पश्चात्ताप नसण्याचा. सातांपैकी तीन पुरतात. शिवाय वय किमान १८ हवं आणि १५ व्या वर्षाआधीपासून वर्तनाचे गंभीर प्रश्न दिसायला हवेत.

आता हिशेब करून बघा. रागाच्या भरात हाणामारी करणारा, नोकरी न टिकवणारा, पुन्हापुन्हा कोठडीत जाणारा आणि नंतर आईसमोर खरोखर रडणारा माणूस या निदानात बसतो. सायकोपॅथीच्या मुळाशी असलेला भावनिक कोरडेपणा त्याच्यात नाही. म्हणूनच तुरुंगांतले आकडे इतके वेगळे येतात. १२ पाश्चात्त्य देशांतल्या ६२ पाहण्यांचा २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला आढावा सांगतो की ४७ टक्के पुरुष कैद्यांना समाजविघातक विकार होता. हेअर यांच्या मोजपट्टीने उत्तर अमेरिकेतल्या तुरुंगांत सायकोपॅथ निघतात ते साधारण १५ ते २५ टक्के. या दोन नावांच्या गोंधळाबद्दल हेअर यांनी स्वतः १९९६ मध्ये तक्रार केली होती.

या घोळातून तर्काची मोठी चूक होते. 'तो लोकांना का लुबाडतो? त्याला समाजविघातक विकार आहे म्हणून. विकार आहे कशावरून? तो लुबाडतो यावरून.' हे स्पष्टीकरण नाही, नुसतं गोल फिरणं आहे. वागण्याचं कारण शोधायचं तर स्वभाव वागण्यापासून वेगळा मोजायला हवा. माझ्या मते हेअर यांची मोजपट्टीही इथे पूर्ण निर्दोष नाही, कारण तिच्या २० मुद्द्यांत किशोरवयातले गुन्हेही मोजले जातात.

वेगळं मोजलं की काय दिसतं? व्यक्तिमत्त्व बहिर्मुखता, शिस्त अशा पाच मुख्य घटकांत मोजण्याची एक पद्धत आहे; तिच्यात समाजविघातक वागण्याशी सातत्याने जोडल्या जातात त्या दोन गोष्टी: इतरांशी जुळवून घेण्याचा अभाव आणि शिस्तीचा, जबाबदारीचा अभाव. बहिर्मुखतेचा संबंध फारसा नाही. हेअर यांच्या मोजपट्टीतही, सुटल्यावर पुन्हा गुन्हा होईल का याचा अंदाज कोरडेपणाच्या मुद्द्यांपेक्षा उतावळेपणा आणि बेबंद जगणं मोजणाऱ्या मुद्द्यांवरून जास्त चांगला येतो. थंड डोक्याचा सायकोपॅथ पडद्यावर भाव खातो, पण तुरुंगात मोठा भरणा असतो स्वतःला आवरता न येणाऱ्यांचा.

वयाचा परिणामही वेगवेगळा होतो. चाळिशीकडे झुकताना उतावळेपणा आणि गुन्हे बऱ्याच जणांत ओसरतात. कोरडेपणा, स्वतःबद्दलचा फाजील मोठेपणा आणि इतरांना वापरून घेण्याची वृत्ती फारशी हलत नाही. तेव्हा पॅरोलच्या अहवालात नुसतं 'समाजविघातक विकार' लिहिलं असेल, तर यांतलं नेमकं काय मोजलंय हे आधी विचारा.