हलका मॅग्नेट आणि ठिणगीची वेळ

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरची हौस असणाऱ्यांमध्ये एक समजूत चांगलीच रुजलेली आहे. इंजिनाला बाजारातला हलका मॅग्नेट, म्हणजे शाफ्टच्या टोकाचे चुंबक बसवलेले चाक, लावला की टायमिंग, म्हणजे प्लगवर ठिणगी पडण्याची वेळ, दोन अंशांनी मागे घ्यावे, कारण इंजिन आता जास्त चपळ झालेले असते, असे सांगितले जाते. मॅग्नेट बदलल्यावर टायमिंग पाहावे लागते, हे यातले खरे आहे. पण त्यासाठी दिलेले कारण चुकीचे आहे, आणि कारण चुकीचे असल्यामुळे दोन अंशांचे ते तयार उत्तरही कुचकामी ठरते. एखाद्या चाकाला काहीच फरक लागत नाही, दुसऱ्याला पाच अंश लागतात, आणि कोणत्या चाकाला किती हे मोजल्याशिवाय कळत नाही.

उदाहरणासाठी बजाज चेतक घेऊ. इटलीच्या पियाज्जो कंपनीशी असलेला परवाना-करार १९७१ मध्ये संपल्यानंतर बजाज ऑटोने १९७२ मध्ये स्वतःच्या नावाने ही स्कूटर आणली, आणि व्हेस्पाच्या घराण्यातले तिचे इंजिन आकुर्डीच्या कारखान्यातून निघून पुढे अनेक दशके घराघरांत पोहोचले. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्लाही ५७ मिलिमीटर, म्हणजे १४५.४५ सीसी. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, एका टोकाला क्लच, दुसऱ्या टोकाला मॅग्नेट. गॅरेजमध्ये ज्याला नुसते मॅग्नेट म्हणतात ते चाक एकाच वेळी चार कामे करते. वजनामुळे ते दोन स्फोटांच्या मधल्या काळात इंजिन फिरते ठेवते. कडेच्या आत बसवलेल्या चुंबकांमुळे वीज तयार करते. पाठीवरच्या पात्यांनी सिलिंडरवर वारा फेकते. आणि ठिणगी केव्हा पडावी हेही तेच ठरवते. हलका मॅग्नेट विकत घेणारा माणूस फक्त पहिल्या कामाचा विचार करत असतो. उरलेली तीनही कामे त्याच चाकाबरोबर बदलतात, याकडे त्याचे लक्ष नसते.

वजन कमी केल्याने काय होते ते आधी पाहू. चाक अडीच किलोचे आहे आणि त्यातले वस्तुमान अक्षापासून सरासरी सात सेंटीमीटरवर आहे असे धरले, तर मिनिटाला १००० फेऱ्यांवर त्यात सुमारे ६७ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. त्याच घडणीचे चाक दीड किलोचे असेल, तर हीच ऊर्जा ४० ज्यूलवर येते. साठा लहान असल्यामुळे तो भरायला कमी वेळ लागतो आणि अॅक्सिलरेटर पिळताच इंजिन झपकन वर जाते. पहिल्या गिअरमध्ये हा पिकअप चांगला जाणवतो. चौथ्या गिअरमध्ये मात्र स्कूटर आणि स्वार यांचे वजन इतके वरचढ असते की फरक शोधावा लागतो; जाहिराती याबद्दल सहसा गप्प असतात. साठा लहान असण्याची दुसरी बाजू अशी की पिस्टन मिश्रण दाबत वर चढत असताना क्रँक जास्त मंदावते आणि स्फोटानंतर जास्त उसळते. म्हणून हलक्या मॅग्नेटवर आयडलिंग खडबडीत होते आणि चढावर क्लच सोडताना गाडी बंद पडण्याचे प्रमाण वाढते.

आता ठिणगीकडे वळू. मिश्रण पेटले की लगेच पूर्ण दाब तयार होत नाही. ज्योत प्लगपासून सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो. सर्वाधिक दाब पिस्टन सर्वांत वरच्या बिंदूवरून, म्हणजे टीडीसीवरून, साधारण १५ अंश पुढे गेल्यावर यावा अशी अपेक्षा असते, आणि त्यासाठी ठिणगी टीडीसीच्या आधीच पाडावी लागते. या घराण्यातल्या इंजिनांत ती मॉडेलनुसार साधारण १६ ते २३ अंश आधी पडते. नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर क्रँकला एक अंश फिरायला सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग लागतो, म्हणजे २० अंशांचा अवधी अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडाच जास्त होतो. ज्योत किती वेगाने पसरणार हे मिश्रणाचे प्रमाण, त्याचा दाब, तापमान, सिलिंडरमधली खळबळ आणि दहनकक्षाचा आकार यांवर ठरते. क्रँकच्या टोकाला बाहेर किती किलोचे चाक लावले आहे याची खबर ज्योतीला नसते. हलक्या चाकामुळे इंजिन ५००० फेऱ्यांपर्यंत लवकर पोहोचेल, पण ५००० फेऱ्यांवर पोहोचल्यानंतर त्याला हवे असलेले टायमिंग जड चाकाच्या वेळी होते तेच असेल.

मग चाक बदलल्यावर टायमिंग बिघडते कसे? घड्याळाची तबकडी बदलली आणि नव्या तबकडीवर बाराचा आकडा थोडा बाजूला छापलेला असला, तर यंत्र ठीक असूनही वेळ चुकीची दिसते. येथे तसेच होते, फक्त या घड्याळाच्या ठोक्यावर इंजिन खरोखरच चालते. पॉइंट, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच, असलेल्या जुन्या चेतकमध्ये पॉइंट उघडणारा कॅम, म्हणजे उंचवटा, मॅग्नेटच्या मध्यभागी असलेल्या हबवरच असतो. सीडीआय, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठिणगी पाडणारी यंत्रणा, असलेल्या इंजिनात चाकाच्या चुंबकीय भागाचा ठराविक टप्पा पिकअप कॉइलसमोरून गेला की ठिणगीचा इशारा मिळतो. दोन्ही प्रकारांत प्रश्न एकच आहे : हबमधल्या चावीच्या (चाकाची शाफ्टवरची जागा ठरवणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्याच्या) खाचेपासून तो कॅम किंवा तो चुंबकीय टप्पा किती अंशांवर आहे? मूळ चाकात हा कोन कारखान्याने ठरवलेला असतो. बाजारातल्या चाकात तो जवळपास तोच असतो, आणि या 'जवळपास'मध्येच सगळी अडचण आहे.

ही अडचण किती बारीक असते ते पाहण्यासारखे आहे. शाफ्टचा निमुळता भाग खाचेपाशी २० मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्याच्या परिघावर एक अंश म्हणजे केवळ ०.१७ मिलिमीटर होतो. खाच एक तृतीयांश मिलिमीटरने सरकून कापली गेली असेल किंवा अर्धचंद्राकृती चावी तेवढी सैल बसत असेल, तर दोन अंश गेलेच. चावीबद्दल आणखी एक गैरसमज येथेच दूर करावा. चाक शाफ्टवर धरून ठेवणे हे चावीचे काम नव्हे. ते काम निमुळत्या पृष्ठभागांच्या घट्ट पकडीचे आहे आणि चावी फक्त जागा दाखवते. हबचा निमुळता भाग शाफ्टवर सर्व बाजूंनी टेकत नसेल, तर नट कितीही आवळला तरी एखाद्या दिवशी चाक घसरते, चावी कापली जाते आणि टायमिंग कुठल्या कुठे जाते. म्हणून नवे चाक बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ पुसावेत, शाफ्टवर मार्कर पेनचा पातळ थर द्यावा, चावी न लावता चाक हाताने दाबून किंचित फिरवावे आणि काढून पाहावे. शाई सगळीकडे सारखी घासलेली दिसली तर पकड चांगली आहे. एका कडेलाच घासली असेल, तर ते चाक दुकानदाराला परत करणे शहाणपणाचे.

पॉइंटच्या इंजिनात एक जास्तीची गोम आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मॅग्नेटोमध्ये कॉइलमधला प्रवाह चुंबक फिरल्यामुळे वाढतो व कमी होतो, आणि तो शिखरावर असतानाच पॉइंट उघडले तर ठिणगी जोरदार पडते. नव्या चाकातले चुंबक कॅमच्या मानाने थोडे सरकलेले असतील, तर पॉइंट योग्य अंशावर उघडूनही ठिणगी अशक्त राहते. अशा वेळी टायमिंग बरोबर असल्याचे टायमिंग तपासण्याचा दिवा दाखवतो, तरीही गाडी किकला दाद देत नाही, आणि मालक कार्ब्युरेटर उघडून बसतो.

मोजणीची सुरुवात खऱ्या टीडीसीपासून करावी लागते, आणि ती वाटते तितकी सोपी नाही. प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून तो सर्वांत वर आला की टीडीसी आला, असे मानण्याची पद्धत सर्रास आहे. पिस्टनचा पल्ला ५७ आणि कनेक्टिंग रॉड १०५ मिलिमीटर धरून हिशेब केला, तर टीडीसीच्या आधी ३ अंशांवर पिस्टन शिखरापासून फक्त ०.०५ मिलिमीटर खाली असतो. म्हणजे टीडीसीच्या अलीकडे-पलीकडे मिळून सहा अंशांच्या टापूत पिस्टन जवळजवळ हलतच नाही, आणि स्क्रूड्रायव्हर धरलेल्या हाताला हा फरक कळणे शक्य नाही. शिवाय या इंजिनात प्लग तिरका बसतो, त्यामुळे त्या भोकातून सरळ मोजमाप होतच नाही. याउलट २० अंशांवर पिस्टन २.१७ मिलिमीटर खाली असतो आणि तेथे प्रत्येक अंशाला सुमारे ०.२ मिलिमीटर सरकतो. शिखर शोधायचे असेल तर शिखरापासून दूर जाऊन मोजावे, हे या आकड्यांमधूनच निघते.

त्यासाठी पिस्टन-स्टॉप वापरतात. जुन्या प्लगचे चिनीमातीचे अंग काढून त्यात बोथट टोकाचा बोल्ट बसवला की काम भागते. हा स्टॉप प्लगच्या जागी बसवावा, क्रँककेसवर एक स्थिर खूण करावी आणि मॅग्नेट हाताने हळूच फिरवत न्यावा. पिस्टन बोल्टला टेकून थांबला की स्थिर खुणेसमोर चाकावर पेन्सिलने रेघ मारावी. मग चाक उलट दिशेने पिस्टन पुन्हा टेकेपर्यंत फिरवून दुसरी रेघ मारावी. या दोन रेघांमधल्या लहान कमानीचा मध्य म्हणजे टीडीसी. जोर लावू नये. अॅल्युमिनियमच्या पिस्टनला भोक पाडायला फार ताकद लागत नाही.

टीडीसीची रेघ पक्की झाल्यावर चाकाचा परीघ दोऱ्याने मोजावा. तो ५४० मिलिमीटर भरला तर एक अंश दीड मिलिमीटरचा, आणि २० अंश ३० मिलिमीटरचे. आता दुसरी रेघ टीडीसीच्या कोणत्या बाजूला मारायची? ठिणगी टीडीसीच्या आधी पडते, म्हणून तिची रेघ स्थिर खुणेसमोर आधी यायला हवी, म्हणजेच ती चाकाच्या फिरण्याच्या दिशेने पुढे असायला हवी. चेतकचा मॅग्नेट त्याच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, तेव्हा रेघही टीडीसीपासून त्याच दिशेने ३० मिलिमीटरवर येईल. बाजू चुकली तर ठिणगी टीडीसीनंतर पाडायची तयारी होते.

यानंतर टायमिंग लाइटचे काम सुरू होते. तिची पकड प्लगच्या वायरवर लावतात आणि प्रत्येक ठिणगीबरोबर दिवा क्षणभर चमकतो, त्यामुळे फिरते चाक थांबल्यासारखे दिसते आणि रेघ वाचता येते. दिव्यासाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी घ्यावी. अंश फिरवून वाचण्याचे बटण असलेले दिवे बहुधा फोर-स्ट्रोक मोटारींसाठी बनलेले असतात, तर टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला ठिणगी पडते, म्हणून ते बटण शून्यावर ठेवून चाकावरची रेघच वाचलेली बरी. आयडलिंगला हलक्या चाकावरची रेघ थरथरताना दिसेल. एकेका स्फोटामागे गती जास्त वर-खाली होत असल्याचा तो परिणाम आहे. इंजिन पुस्तिकेत सांगितलेल्या फेऱ्यांवर नेले की रेघ स्थिरावते आणि नोंद तेथेच घ्यावी. त्याहून वर नेऊनही पाहावे, कारण काही सीडीआयमध्ये फेऱ्या वाढतात तशी ठिणगी थोडी मागे सरकते आणि काहींमध्ये ती मुद्दाम सरकवलेली असते.

रेघ जागेवर नसेल तर मॅग्नेट काढून स्टेटर प्लेट, म्हणजे त्याच्या आतली कॉइल बसवलेली स्थिर प्लेट, फिरवावी लागते. चाकाच्या फिरण्याच्या उलट दिशेने प्लेट फिरवली तर ठिणगी लवकर पडते, त्याच दिशेने फिरवली तर उशिरा. मॅग्नेट पुलरनेच, म्हणजे चाक ओढून काढणाऱ्या हत्यारानेच, काढावा. हातोडीने चुंबक सैल होतात आणि क्रँकही वाकते. टायमिंग फार पुढे राहिले तर दाब पिस्टन वर चढत असतानाच शिखर गाठतो. मग किक उलटी मारते, चढावर ठोक्याचा आवाज येतो आणि शेवटी पिस्टनच्या डोक्याला भोक पडते. फार मागे राहिले तर आग एक्झॉस्टपर्यंत जळत जाते, सायलेन्सर तापतो आणि ज्या पिकअपसाठी खर्च केला तोच हरवतो. हलक्या चाकाची पाती आखूड असतील तर सिलिंडरवर वाराही कमी येतो, आणि पुढे गेलेल्या टायमिंगला तेथे माफी उरत नाही.

चाकाच्या वजनाचा टायमिंगशी खरोखर संबंध येतो तो संगणकाने चालणाऱ्या मोटारींच्या इंजिनात. तेथे फ्लायव्हीलच्या किंवा पुलीच्या कडेवरचे दाते सेन्सरसमोरून किती वेळाने जातात ते मोजून संगणक पुढचा दाता केव्हा येईल याचा अंदाज बांधतो. चाक हलके असले की दोन दात्यांमध्येच गती बदलते आणि अंदाज चुकतो. ही चूक स्टार्टर फिरत असताना आणि आयडलिंगला सर्वांत जास्त, वरच्या फेऱ्यांवर नगण्य. स्कूटरच्या मॅग्नेटोला असा अंदाज बांधावा लागत नाही. त्याचा चुंबक प्रत्यक्ष पिकअप कॉइलसमोर आला तरच इशारा जातो.

स्टेटरचे स्क्रू आवळताना प्लेट अर्धा-एक अंश सरकते, म्हणून चाक पुन्हा बसवून दिवा पुन्हा लावावा लागतो. रेघ जुळली की प्लेट आणि क्रँककेस यांवर मिळून ठळक खूण कोरून ठेवावी, आणि मूळ चाकाची खूण वेगळ्या रंगाने दाखवावी, कारण हलक्या मॅग्नेटला कंटाळून जुना परत बसवणारे पुष्कळ असतात.