अर्थिंग वेगळं, मायनस वेगळा: घरगुती सीएनसीतले दोन 'ग्राउंड'

घरगुती सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरायच्या-कापायच्या मशीनला) लागणाऱ्या २४ किंवा ३६ व्होल्टच्या एसएमपीएसवर (घरच्या एसीचं डीसी करणारा पॉवर सप्लाय) एल (फेज), एन (न्यूट्रल), अर्थची खूण, मायनस आणि प्लस असे स्क्रू असतात. यातल्या अर्थ आणि मायनस या दोघांनाही बोलताना 'ग्राउंड' म्हणतात आणि घोळ तिथेच होतो.

मायनस रोज राबतो. मोटरचा करंट ड्रायव्हरमधून (मोटर चालवणारं सर्किट) त्याच वायरने सप्लायकडे परततो. अर्थिंगमधून एरवी जवळजवळ काहीच वाहू नये. फेज चुकून बॉडीला लागली, तर एमसीबी उडावा म्हणून ती वायर असते.

'जवळजवळ' अशासाठी, की एसएमपीएसमधले नॉइज फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ लावलाच नाही, तर बॉडी ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते आणि हाताला झिणझिण्या येतात. करंट थोडा असतो, म्हणून लोक ते चालवून घेतात. कृपा करून चालवून घेऊ नका. उद्या फेज खरोखर बॉडीला लागली, तर एमसीबी उडणार नाही आणि अख्खी गँट्री (बेडवर सरकणारी कमान) २३० व्होल्टवर जाईल.

सॉकेटला अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला जंप मारणं तर जीवघेणं. मागे कुठे न्यूट्रल तुटला, की चालू उपकरणातून फेज थेट मशीनच्या बॉडीवर येते. मल्टिमीटरवर फेज-अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत. त्याच सर्किटवर मोठा लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसणं स्वाभाविक आहे. ठाम शून्य आलं, तर जंपची शंका घ्या आणि वायरमनला बोलवा.

अर्थिंगसाठी दीड स्क्वेअर एमएमची हिरवी-पिवळी वायर घ्या. सगळ्या वायरी एकाच बोल्टवर आणा: एसएमपीएस, बेड, गँट्री, स्पिंडलची (कटर फिरवणाऱ्या मोटरची) प्लेट, पॅनलचं दार. रंग खरवडा. अ‍ॅनोडाइझ केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा थरही वीज वाहू देत नाही, तोही घासून काढा. बेअरिंगमध्ये ग्रीस असतं, त्यामुळे सरकत्या गँट्रीला स्वतःची लवचीक वायर लागतेच. प्लग काढून त्याची जाड पिन आणि गँट्री यांमध्ये मोजा. रेझिस्टन्स १ ओहमच्या आत हवा.

सगळं सांगाड्याला जोडायचा हा नियम मायनसला लावू नका. एसएमपीएसपासून प्रत्येक ड्रायव्हरला प्लस-मायनसची स्वतंत्र जोडी न्या. सांगाडा मायनस म्हणून वापरला, तर मोटरचा करंट त्यातून धावतो आणि लिमिट स्विच (सरकण्याची हद्द संपल्याचं सांगणारे) उगाच ट्रिप होतात. टीबी६६०० सारख्या ड्रायव्हरमध्ये पल्स आणि डायरेक्शनचे इनपुट ऑप्टोकपलरमधून (वायरीने न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग) जातात, म्हणून आर्डुइनोचा (मशीनला हुकूम देणाऱ्या कंट्रोलर बोर्डाचा) मायनस मोटरच्या मायनसला जोडायची गरज नसते. ए४९८८ हा छोटा ड्रायव्हर मात्र शील्डवर (आर्डुइनोवर बसणाऱ्या बोर्डावर) असला, की दोन्ही मायनस बोर्डावरच एक होतात.

मायनस अर्थला जोडायचाच असेल, तर फक्त एका ठिकाणी. डेस्कटॉप असेल तर आधी तपासा, कारण त्याच्या यूएसबीचा मायनस बहुधा कॅबिनेटमार्फत अर्थला लागलेलाच असतो.